विसण : स्नानाचे पाणी आणि उष्णतेची जाणीव
(सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात विचारले तरी विहिरीच्या पाण्याविषयी एकच उत्तर मिळते : ते हिवाळ्यात ऊन असते आणि उन्हाळ्यात गार. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर कार्तिकात पहाटे स्नानास उतरणारी माणसे नदीविषयीही काहीसे असेच सांगतात. काठावर हुडहुडी भरलेली असते, पाण्यावर वाफ तरंगत असते आणि पाण्यात पाय टाकताच ते उबदार लागते. पाण्यातून बाहेर यायला मात्र मन घेत नाही. हे सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. तथापि खोल विहिरीत तापमापक सोडला, तर पौषात आणि वैशाखात तो जवळजवळ एकच आकडा दाखवितो. अनुभव आणि आकडा यांमधील हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या अभ्यासक्रमांत उष्णता पदार्थविज्ञानात येते, त्वचा प्राणिशास्त्रात येते, संवेदना मानसशास्त्रात येते आणि न्हाणीघर कोठेच येत नाही. वास्तविक या तिन्ही शास्त्रांची भेट रोज सकाळी प्रत्येक घरात होत असते. पाणी 'सोसवेल' इतके झाले की नाही, हा निर्णय आपण अर्ध्या मिनिटात घेतो आणि तो बहुधा बरोबर ठरतो. ज्या प्रसंगी तो चुकतो, त्या प्रसंगी चूक किती महाग पडू शकते, हे जळित रुग्णांच्या कक्षात काम करणाऱ्या कोणासही विचारावे. पाण्याची ऊब हा केवळ पाण्याचा गुण नसून पाणी आणि त्याला स्पर्श करणारे अंग यांच्यातील नाते आहे, हे या लेखातील मुख्य प्रतिपादन होय. त्यातून पुढचा प्रश्न उपस्थित होतो : पाणी पाहणारा हात एकाचा आणि अंघोळ करणारे अंग दुसऱ्याचे असेल, तर काय?

विहिरीचे ऊन पाणी

जमिनीच्या पोटात काही मीटर खाली ऋतूंची चाहूल फारशी पोहोचत नाही. तेथील तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिर राहते. आपल्या पठारी भागात ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरता येईल. पॅरिसच्या वेधशाळेखालील सुमारे २८ मीटर खोल तळघरात तापमापक ठेवून सतराव्या-अठराव्या शतकांतील संशोधकांनी ही स्थिरता प्रथम नोंदविली. तोपर्यंत युरोपातील विद्वानही हिवाळ्यात जमिनीतील उष्णता थंडीला भिऊन आत दडते आणि म्हणून विहिरी तापतात, अशा स्वरूपाच्या उपपत्ती मांडीत असत. म्हणजे आपल्या आजी-आजोबांची समजूत अगदी मोठ्या लोकांच्या पंगतीत बसणारी होती.

नदीचे पाणी विहिरीइतके स्थिर नसते. पण हवेच्या मानाने ते सावकाश तापते आणि सावकाश निवते. पौषातल्या पहाटे हवा बारा-तेरा अंशांवर उतरली, तरी प्रवाहाचे पाणी तिच्याहून बऱ्याच अंशांनी उष्ण असू शकते. त्यावरील वाफ ही पाणी 'तापल्याची' खूण नव्हे. पाण्यावरची दमट हवा वरच्या गार हवेत मिसळताच तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब होतात, इतकेच. मग घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी उभ्या असलेल्या, गार पडलेल्या पायाला ते पाणी ऊन लागते. तेच पाणी चैत्रातल्या दुपारी शेतातून आलेल्या माणसाच्या तापलेल्या पायाला गार लागेल.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९० च्या आपल्या ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला होता. एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला ऊन लागू शकते, यावरून उष्णतेची जाणीव ही वस्तूत जशीच्या तशी वसत नाही, असा त्याचा युक्तिवाद. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगचा शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर याने स्पर्शज्ञानाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तीन भांड्यांचा प्रयोग त्याच्या नावाशी जोडला गेला. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. एका भांड्यात १५ अंशांचे, दुसऱ्यात ४० अंशांचे आणि मधल्यात साधारण २८ अंशांचे पाणी घ्यावे. विद्यार्थ्याने एक हात गार व एक हात ऊन पाण्यात दोन मिनिटे ठेवून मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात घालावेत. त्याचे दोन हात एकमेकांशी भांडू लागतात. मधल्या भांड्यात तापमापक आहे, त्याचा आकडा विद्यार्थी वाचतो आहे, तरीही भांडण मिटत नाही. माहिती असणे आणि जाणवणे या भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला व्याख्यानापेक्षा या प्रयोगातून लवकर पटते.

त्वचा काय मोजते

त्वचा तापमापकासारखी नाही. उघड्या त्वचेचे तापमान सामान्यतः ३२ ते ३४ अंश असते आणि साधारण ३० ते ३६ अंशांच्या पट्ट्यात ती हळूहळू जुळवून घेते. काही वेळाने ऊन किंवा गार असे काहीच जाणवेनासे होते. या पट्ट्यात तापमान मिनिटाला अर्ध्या अंशाहूनही कमी वेगाने बदलत गेले, तर चार-पाच अंशांचा फरक पडेपर्यंत तो माणसाच्या लक्षात येत नाही. उलट बदल झटकन झाला, तर अंशाचा काही भागही कळतो. त्वचेला जे प्रकर्षाने कळते, तो बदलाचा वेग.

स्वीडिश शास्त्रज्ञ मॅग्नस ब्लिक्स याने १८८० च्या दशकात त्वचेवर उष्ण आणि शीत यांचे वेगवेगळे बिंदू असल्याचे दाखविले. शीत बिंदू संख्येने अधिक आहेत. गारव्याचा निरोप वाहून नेणारे मज्जातंतू उबेचा निरोप नेणाऱ्या तंतूंपेक्षा वेगवान आहेत. म्हणून गार पाण्याचा चरका तत्काळ बसतो आणि उबेचे सुख किंचित मागाहून येते. फार कढत पाणी अंगावर पडताच पहिला क्षण गार वाटून अंगावर काटा येतो, हा अनुभव अनेकांचा असेल. त्याचेही कारण सापडले आहे : ४५ अंशांच्या वर काही शीतवाहक तंतू पुन्हा जागे होतात आणि मेंदूला आपला नेहमीचाच, म्हणजे 'गार' हा निरोप देतात.

या बिंदूंच्या मुळाशी असलेली प्रथिने अलीकडे ओळखली गेली. डेव्हिड ज्युलिअस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीतील तिखट द्रव्याचा माग काढीत जो ग्राहक शोधला, तो सुमारे ४३ अंशांच्या पुढे उष्णतेनेही उघडतो. पुदिन्याच्या अर्काला आणि गारव्याला प्रतिसाद देणारा ग्राहक २००२ मध्ये त्यांनी व आर्डेम पॅटापुटियन यांनी स्वतंत्रपणे शोधला. या दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची 'पोळते' असे आपण मराठीत म्हणतो, ते रूपक नसून जवळजवळ शरीरशास्त्रीय विधान आहे, हे या शोधाने दाखवून दिले. सांगलीच्या बाजारपेठेत मिरचीच्या पोत्यांजवळून गेलेल्या माणसाला त्यासाठी नोबेलची वाट पाहावी लागली नसती, हे खरे. पण 'का' हे कळायला लागली.

स्पर्शाचे क्षेत्रफळ ही आणखी एक महत्त्वाची बाब. उबेची जाणीव मोठ्या क्षेत्रावर साठत जाते : बोटाच्या टोकाला 'जरा ऊन' वाटलेले पाणी पाठीवर पडताच 'चांगलेच ऊन' वाटते. शिवाय सर्व अंग सारखे संवेदनशील नसते. ओठ व चेहरा अतिशय तल्लख, धड बऱ्यापैकी, तर तळपाय व पोटऱ्या मंद. घरकामाने राठ झालेला तळहात तर आणखीच मंद. बादलीत बोट बुडवून पाणी पाहण्याची आपली सार्वत्रिक रीत या दृष्टीने पाहिली, तर मोजमापासाठी आपण एक लहानसा आणि तोही बराचसा निबर भाग निवडला आहे.

सुख आणि तापमान

किती ऊन ते कळणे आणि ते सुखद वाटणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक याने १९७१ मध्ये असे मांडले की, एकच उद्दीपन शरीराच्या आतील गरजेनुसार सुखद किंवा दुःखद ठरते. अंगातील उष्णता वाढलेली असताना गार पाणी सुख देते; अंग गारठलेले असताना तेच नकोसे होते. जोरबैठका मारून घाम गाळलेल्या तालमीतल्या मल्लाला भल्या सकाळी गार पाण्याची कळशी अंगावर घेताना जे बरे वाटते, त्यात शरीराची ही गरज धैर्याइतकीच बोलते. त्याच तालमीच्या भिंतीलगत धोतर सावरून उभा असलेला म्हातारा ते पाहूनच शहारतो. दोघांची त्वचा एकच तापमान सांगत असेल. त्यांची शरीरे मात्र वेगळे मागत आहेत.

हवेचा वाटा येथे विसरता येत नाही. २६ अंशांची हवा सुखाची, तर २६ अंशांचे पाणी गार लागते. कारण स्थिर पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या तेवीस-चोवीस पट असते. आणि अंग ओले झाले की बाष्पीभवन सुरू होते. त्वचेवरचे एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जाते. वारा असेल तर हे झपाट्याने होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांना न्हाणीघर बहुधा नसते. बायका दिवस उगवण्यापूर्वी, अंधार आहे तोवर, लुगड्याच्या किंवा पाचटाच्या आडोशाला अंघोळ उरकतात. ती दिवसातली सर्वांत थंड वेळ. चुलीवर पाणी कितीही कढत केले तरी दोन तांब्यांमधल्या वाऱ्याला ते पुरे पडत नाही. तेथे सुखाचा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा नसून भिंतीचा आहे. स्नानसुखाविषयीच्या कोणत्याही चर्चेत ही गोष्ट आधी नोंदवली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आयुर्वेदाने या बाबतीत एक मार्मिक भेद केला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात कमरेखालच्या भागास ऊन पाण्याचे स्नान बलदायक, तर डोक्यावरून घेतलेले तेच पाणी केस व डोळे यांस अहितकर म्हटले आहे. त्यामागची उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राची नव्हे. पण एकच पाणी सर्व अंगाला एकसारखे मानू नये, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानातही असेच एक शहाणपण दडलेले आहे. तेलाने माखलेल्या अंगावर पाणी पसरून राहत नाही, ओघळून जाते. ओला थर कमी राहिल्याने वाळताना लागणारा गारठाही कमी होतो. आधीच्या मर्दनाने त्वचेतील रक्ताभिसरण वाढलेले असते. पहाटेच्या पहिल्या अंघोळीचे सुख केवळ कढत पाण्याचे नसते, तर या तयारीचेही असते.

विसण घालण्याचे गणित

आता प्रत्यक्ष न्हाणीघराकडे वळू. सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत पाणी तापविण्याची साधने दोन : चुलवणावरचा हंडा आणि तांब्याचा बंब. बंबाच्या पोटातून नळकांडे जाते, त्यात तुरकाट्या, शेणी, मक्याची बुरकुंडी, उसाची चिपाडे असे जे हाताशी असेल ते पेटवितात. जाळ मधून आणि पाणी भोवती, त्यामुळे थोड्या जळणात पाणी लवकर तापते. पण हे पाणी अंगावर घेण्याजोगे नसते. ते घंगाळात किंवा बादलीत काढून त्यात गार पाणी मिसळावे लागते. या मिसळण्याच्या गार पाण्याला 'विसण' म्हणतात, बोलीत 'इसण' किंवा 'इसाण'. अत्यंत नेमका शब्द आहे. पाण्याच्या उष्णतेसाठी मराठीत गार, कोमट, ऊन, कढत, कडकडीत, आधण अशी जी चढती भाजणी आहे, तिच्यावरून एक-दोन पायऱ्या खाली उतरण्याची कृती एका शब्दात बसविली आहे. भाजणीतल्या कोणत्याही पायरीला आकडा नाही. मापदंड एकच, 'सोसवेल का'. न्हाणीच्या दाराबाहेरून आजी विचारते, "पाणी बघितलंस का रं? सोसंल का? इसाण घालू?" हा प्रश्न पाण्याविषयी नसून नातवाच्या अंगाविषयी आहे.

गणित सोपे आहे. समजा, २० लिटरची बादली ४० अंशांवर आणायची आहे. बंबातील पाणी ८० अंशांचे आणि हिवाळ्यात विसण २० अंशांचे असेल, तर सुमारे पावणेसात लिटर कढत पाण्यात सव्वातेरा लिटर विसण लागते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३२ अंशांचे असेल, तर कढत पाणी सव्वातीन लिटरच पुरते, म्हणजे हिवाळ्याच्या निम्मे. हिवाळ्याच्या मिश्रणात लिटरभराचा एक तांब्या विसण कमी पडले, तर बादलीचे तापमान सुमारे एका अंशाने वाढते. अंगाला हा फरक जाणवतो. तांब्या हे अंघोळीचे पात्र तर आहेच, पण ते नकळत एका अंशाचे मापही आहे.

मात्र हे गणित पाणी नीट मिसळले असेल तरच लागू पडते. गार पाण्यावर कढत पाणी अलगद ओतले तर ते वरच तरंगत राहते. वरून बोट बुडविणाऱ्यास ऊन आणि तळाशी गार. विजेच्या कांडीने बादलीत तापविलेल्या पाण्याचेही तेच : कांडीच्या वरचे पाणी कढत, खालचे जवळजवळ जसेच्या तसे. म्हणून पाणी हाताने हिसळण्याची सवय लागते आणि कांडीचे बटण चालू असताना हीच सवय जिवावर बेतते. बटण बंद करून, पिन काढून मगच बादलीत हात, हा क्रम शिकविण्यात पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने संकोच करू नये.

तांब्या, शॉवर आणि नळी

शॉवर आला आणि बादलीची ही सर्व व्यवस्था बदलली. बादलीत पाणी आधी ठरते, मग अंगावर येते. शॉवरमध्ये ठरविणे आणि अंगावर येणे एकाच वेळी चालते. त्यात नळीचा विलंब मिळतो. गच्चीवरील सौर बंबापासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर आतील व्यासाची १५ मीटर नळी असेल, तर तिच्या पोटात पावणेपाच लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसलेले असते. ते वाहून जाईपर्यंत माणूस गार पाण्याखाली उभा राहून गरम पाण्याची चावी फिरवीत राहतो. अखेर गरम पाणी पोहोचते तेव्हा चावी गरजेपेक्षा फार उघडलेली असते. चटका बसला की तो उलट टोकाला जातो. अभियंते ज्याला विलंबित प्रतिपोषण म्हणतात, त्याचे याहून चांगले प्रात्यक्षिक प्रयोगशाळेत मिळणार नाही. उपाय एकच, चावी थोडी फिरवून थांबणे. साबण डोळ्यांत गेलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, हे लेखक स्वानुभवावरून मान्य करतो.

शॉवरचे पाणी तोटीशी असते त्यापेक्षा पायाशी कमी उष्ण असते, कारण बारीक थेंबांचे पृष्ठफळ मोठे आणि हवेतला प्रवासही लांब. म्हणून शॉवर घेणारा अजाणता पाणी अधिक कढत ठेवतो आणि त्याचा पूर्ण मारा बसतो तो डोके व खांदे यांवर, म्हणजे वाग्भटाने जपायला सांगितलेल्या भागावर. तांब्याने अंघोळ करणाऱ्याची अडचण वेगळी. दोन तांब्यांच्या मधल्या काळात त्याचे ओले अंग निवते. पण त्यामुळेच प्रत्येक नवा तांब्या नव्याने सुख देतो. शॉवरखालची सतत ऊब थोड्या वेळात जाणवेनाशी होते, तर तांब्याची ऊब शेवटपर्यंत शिळी होत नाही. तांब्याची अंघोळ कमी पाण्यात अधिक समाधान देते असे अनेकांना वाटते, त्याचे एक कारण हे असावे.

मधल्या गारठ्यावर उपाय म्हणून खिडकी आणि झरोका बंद करण्याची प्रवृत्ती होते. बंब अंगणात किंवा न्हाणीच्या बाहेर असे, तोवर त्यात धोका नव्हता. गॅसगिझर बंद न्हाणीघरातच बसविला असेल, तर अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीपासून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने येणारी गुंगी ऊन पाण्याच्या सुखद सुस्तीसारखीच वाटते. दार आतून लावलेले असते. गिझर न्हाणीघराच्या बाहेर आणि झरोका उघडा, याला पर्याय नाही.

दुसऱ्याच्या अंगावर ओतलेले पाणी

स्वतःपुरते पाणी पाहणाऱ्याची चूक पहिल्या तांब्यालाच सुधारते. ज्याला बोलता येत नाही, हलता येत नाही किंवा जाणवतच नाही, त्याची सुधारत नाही.

तान्ह्या बाळाचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते आणि चांगल्या कढत पाण्याने शेकून काढते. त्यानंतर बाळ गाढ झोपते, हे या रीतीचे मोठे समर्थन असते. त्या बाईच्या हाताचे कसब निर्विवाद आहे. पण तिचा हात वर्षानुवर्षांच्या कामाने राठ झालेला, आणि आधीच्या चार तांब्यांनी तापून पाण्याशी जुळवून घेतलेला असतो. तीन भांड्यांच्या प्रयोगातला ऊन पाण्यात ठेवलेला हात तो हाच. त्याला 'कोमट' वाटणारे पाणी पातळ त्वचेच्या बाळाला कढत असू शकते. बाळासाठी ३७ ते ३८ अंशांचे पाणी पुरेसे असते. ते पाहायचे तर तळहाताऐवजी कोपर किंवा मनगटाची आतली बाजू वापरावी, आणि तीही न भिजलेली. पाच मिनिटांनी पुन्हा पाहायचे झाल्यास दुसऱ्या हाताने.

दुसरा प्रसंग रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांचा. विसण या शब्दातच एक क्रम गृहीत आहे : आधी कढत पाणी, मग त्यात गार. बंब जड, पाणी मोलाचे, म्हणून हा क्रम पडला असावा. परंतु कढत पाणी काढून विसण आणायला वळलेल्या आईच्या पाठीमागे ती बादली किंवा घंगाळ जमिनीवर, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर उघडे असते. ६० अंशांच्या पाण्याने त्वचा पूर्ण खोलीपर्यंत भाजायला सुमारे ५ सेकंद पुरतात, हे मॉरिट्झ व हेन्रिक्स यांच्या १९४७ च्या अभ्यासापासून ज्ञात आहे. ४९ अंशांना त्यासाठी कित्येक मिनिटे लागतात. ८० अंशांना मोजण्याइतका वेळच नसतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी गार पाणी आणि त्यात कढत, तर बादली कोणत्याही क्षणी एकट्या कढत पाण्याची असत नाही. पाणी तेवढेच, श्रम तेवढेच. हिसळावे मात्र नीट लागते. भाजलेच, तर त्या जागी वाहते साधे पाणी वीस मिनिटे धरावे. शाई, दंतमंजन, हळद यांपैकी काही लावू नये.

तिसरा प्रसंग जाणीवच हरपलेल्यांचा. वयाबरोबर उबेची संवेदना मंदावते, आणि सर्वांत आधी पायांची. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत बारीक मज्जातंतू क्षीण होतात आणि ऊन-गार कळेनासे होते. पाय दुखत नाहीत, म्हणून ते बरे आहेत असा समज होतो. 'पायाला शेक द्या' या सल्ल्यावरून आजोबा घंगाळात पाय सोडून बसतात आणि पाणी पुरेसे ऊन लागत नाही म्हणून सुनेकडे आणखी कढत पाणी मागतात. सून ते देते, कारण सासऱ्यांच्या शब्दावर शंका घेण्याची रीत नाही आणि पाय त्यांचा आहे. दुसऱ्या दिवशी फोड दिसतात. कुष्ठरोगातही ऊन-गार यांचा भेद लवकर लोपतो. म्हणूनच चट्ट्यावर गरम व गार पाण्याच्या परीक्षानळ्या टेकवून रुग्णाला विचारण्याची जुनी तपासणी आहे. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात या तपासणीला मोठा इतिहास आहे. वैद्यकात जी तपासणी दवाखान्यात होते, तिचे घरगुती रूप असे : मधुमेही व्यक्तीचे पाणी तिच्या पायाने नव्हे, दुसऱ्या निरोगी माणसाच्या कोपराने पाहावे, आणि शक्य तर साध्या तापमापकाने. येथे 'सोसवेल का' हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण उत्तर देणारे अंगच गप्प आहे. डॉक्टरांनीही 'कोमट पाणी' एवढे सांगून थांबू नये. कोमट म्हणजे किती, हे महाबळेश्वरच्या जानेवारीत एक आणि जतच्या मे महिन्यात दुसरे असते.

साठवणीच्या गिझरची कळ खाली आणली की हा धोका टळेल, असे वरकरणी वाटते. पण साठविलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत यासाठी ते ६० अंशांपर्यंत तापविणे योग्य मानले जाते. तेव्हा पाणी टाकीत कढत आणि तोटीला सोसवेल असे, ही दोन्ही टोके सांभाळावी लागतात. अनेक देशांत रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांच्या नळांना त्यासाठी एक झडप बसवितात. तिच्या आत मेणाची लहानशी कुपी असते. येणारे पाणी अधिक उष्ण झाले की मेण प्रसरण पावते, गरम पाण्याची वाट अरुंद होते आणि गार पाण्याची रुंदावते; पाणी निवले की उलट. ठरविलेल्या अंशाच्या वर ती पाणी जाऊ देत नाही, आणि गार पाणी अचानक बंद पडले तर गरमही बंद करते. आपल्याकडे घरगुती वापरात ती क्वचितच दिसते. तिला मराठी नाव अजून नाही. 'विसणी' म्हणता येईल.